कस्तुरीच्या घरातलो पावणो

“पंपाचो खटको खंय आसा ता सांगतंय मी तुमका. पण आदी माका सांगा, तुमी अजून घरात काय करतास?”

पलीकडून आधी नुसता श्वास ऐकू आला आणि त्याच्या मागे दर्याची गाज. ती गाज कस्तुरीनं कुठंही ओळखली असती, कारण ती तिच्याच परड्यामागची. ती स्वतः मात्र तिथून रातभराच्या बसवाटेवर, बेंगळुरात, हेब्बाळच्या एका टॉवरच्या अकराव्या मजल्यावर बाल्कनीत फतकल मारून बसलेली. मांडीवर हिरवं नायलॉनचं जाळं, हातात दोरी ओवलेली सुई, आणि कान नि खांदा यांच्या चिमट्यात फोन.

“मावशी, हळू बोला,” शुभंकर कुजबुजला. “मी जात नाहीये. तीनही रात्री इथेच राहणारे. फक्त टाकीतलं पाणी संपलंय आणि पंपाचं बटण सापडत नाहीये.”

हा शुभंकर मूळचा पुण्याचा, इथं हेब्बाळमध्येच कसल्याशा आयटी कंपनीत कामाला. सुट्टी काढून पाहुणा म्हणून तिच्या साळगणीच्या घरी गेलेला. आज सकाळी तो निघाला, हे तिला गावाहून कळलंसुद्धा होतं. तिच्या दिरानं, बाळ भावजीनं, त्याच्या गाडीत दोन शहाळी ठेवून त्याला वाटेला लावलं होतं. पण या गड्यानं केलं काय, तर गाडी खाडीच्या पुलापलीकडं भातगिरणीच्या आडोशाला लावली आणि ओहोटी बघून वाळूवाळूनं चालत परत आला. पुढच्या दाराला कुलूप. मागच्या दाराची कडी मात्र फटीतून काडी घातली की निघते. ही विद्या त्याला कस्तुरीनंच फोनवरून शिकवली होती, पहिल्या दिवशी तो चावी आत ठेवून बाहेर अडकला तेव्हा.

बाळकाकांना सांगू नका, एवढं मात्र त्यानं दोनदा विनवलं. कस्तुरीनं खटका कुठं आहे ते सांगितलं नाही. मागाहून फोन करतंय म्हणाली आणि ठेवून दिला.

आता यात एवढं काय बिघडलं, असं कुणालाही वाटेल. पाहुणा घरात राहिला, राहिला. पण साळगणीची चाल ठाऊक असल्याशिवाय कस्तुरीनं खटका न सांगता फोन का ठेवला ते कळायचं नाही.

मालवणच्या वरच्या अंगाला, खाडी दर्याला मिळते तिथं हे साळगणी बंदर. त्या बाजूच्या काही गावांत गावपळण होते, तशी इथंही होते. तीन-चार वर्षांतून एकदा देव कौल देतो, की गाव सोडा. मग तीन दिवस नि तीन रात्री अख्खं गाव वेशीबाहेर. माणूस, गुरं, कोंबडी, कुत्रं, पाळण्यातलं पोर, अंथरुणाला टेकलेला म्हातारा, सगळे. चुली विझवायच्या, दारं ओढून घ्यायची आणि खाडीपलीकडं माडाच्या झापांच्या खोपी घालून राहायचं. तिथं कुर्ल्या शिजतात, भजनं होतात, फुगड्या होतात, भांडणंही होतात. चौथ्या दिवशी देवाला पुन्हा कौल लावायचा. उजवा पडला तर घरी. डावा पडला तर आणखी एक रात्र बाहेर, मग थंडी असो की वारा. गाव का सोडायचं, याची उत्तरं तोंडं तितकी. कुणी म्हणतं, त्या तीन रात्री देव आपल्या लवाजम्यासकट गावात फिरतो. कुणी म्हणतं, पूर्वी पटकीच्या साथीत गाव असं रिकामं केलं म्हणून वाचलं. बाळ भावजी म्हणतो, बायकांना तीन दिवस चुलीपासून सुट्टी मिळावी म्हणून. आणि तो हे सांगत असतो तेव्हा खाडीपलीकडं त्याची बायको तीन धोंड्यांवर भाताचं आधण ठेवत असते.

निघायच्या दिवशी वेशीवर एक गोष्ट होते. प्रत्येक घराचा कर्ता देवाला साक्ष ठेवून मानकऱ्यांसमोर उभा राहतो आणि सांगतो, माझ्या चुलीत विस्तव नाही, दावणीला जनावर नाही, घरात माणूस नाही. साऱ्या घरांचं सांगून झालं की नगारा वाजतो. नगारा झाला की मागं वळायचं नाही, घर पेटलं तरी नाही. कस्तुरी आणि तिचा नवरा परमुलखात, म्हणून त्यांच्या घराचं बोलणं बाळ भावजीच्या तोंडी. म्हणजे आज दुपारी तो देवासमोर उभा राहून सांगणार, की वहिनीच्या घरात माणूस नाही.

मागं एकदा एकाचा बोकड मांगरात, म्हणजे घरामागच्या खोपटात, राहून गेला. कौल डावा पडला. माणसं थंडीत कुडकुडत एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसली, आणि शेवटी त्या घरवाल्यानं डोकं खाजवत कबूल केलं. पुढं त्या घरात सुना आल्या, नातवंडं झाली, मोठा मुलगा तलाठी झाला. पण लग्नपत्रिकेवर काहीही छापा, गाव त्यांना अजून ‘बोकडाकडचे’च म्हणतं.

“अक्का, ध्यान कुठं हाय तुझं? गाठ सुटालीय बघ की.”

हा नागराज, निपाणीकडचा. कमरेला पट्टा बांधून बाल्कनीबाहेर दोरावर लोंबकळत भिंतीत हूक ठोकत होता. कस्तुरी आतून जाळं ताणते, कडेची दोरी ओवते, नागराज बाहेरून अडकवतो, असं त्यांचं जोडकाम. कबुतरं आत येऊ नयेत म्हणून ही जाळी. बेंगळुरात टॉवर वाढले तशी कबुतरं वाढली, आणि कबुतरांच्या मागून या दोघांचा धंदा. आज घरमालकीण शिवलीलाम्मांकडं नातवाचं बारसं होतं. संध्याकाळी पाहुणे यायच्या आत बाल्कनी धुऊन हवी, असं त्यांनी सकाळीच बजावलेलं. त्या मधूनमधून काचेच्या दारातून डोकावत आणि बेगा बेगा, लवकर लवकर, म्हणून जात.

कस्तुरीनं गाठ उसवली, पुन्हा मारली. पुन्हा चुकली.

तिच्या हातून गाठ चुकावी, हे नवल. तिच्या सासरी रापण होती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडीतून दर्यात अर्धा वेढा घालून सोडायचं आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्यांना सारी वाडी लागायची. दोरीला हात लागला त्याला वाटा. विधवेला वाटा, देवळाला वाटा, टपाल टाकायला आलेला पोस्टमन जाता जाता हात लावून गेला तर त्यालाही चार बांगडे. मग भर दर्यात दिवे लावून मासे ओढणाऱ्या मोठ्या बोटी आल्या आणि रापणीत बांगड्याऐवजी प्लास्टिक येऊ लागलं. जाळं मांगरात टांगलं गेलं. नवरा रत्नाकर बर्फाच्या गाडीवर चढला, मंगळूर-बेंगळूर करू लागला. ती त्याच्यामागून आली. बेंगळुराच्या शिवाजीनगरातल्या जाळ्यांच्या दुकानापुढं एकदा बसची वाट बघत उभी असताना तिथल्या पोत्यातलं फाटकं जाळं तिनं हात स्वस्थ बसेनात म्हणून सांधायला घेतलं. बस गेली, ती तिथंच राहिली. मासे आत घ्यायची जाळी विणणारी मी, आता पाखरू आत येऊ नये म्हणून विणतंय, असं ती स्वतःच हसून सांगते.

पण हे हसणं वर्षभरापुरतं, असा तिचा हिशेब. गावी दर्यालगतच्या घरातल्या दोन खोल्या तिनं पाहुण्यांसाठी काढल्या होत्या. पुढल्या गणपतीला बेंगळूर सोडायचं, गावी जाऊन आपल्या हातचं कालवण पाहुण्यांना वाढायचं, हा बेत पक्का. रत्नाकरची पाठ आता गाडीला दाद देत नव्हती. गावाला मात्र हे किनाऱ्यावरचे पाहुणे रुचत नव्हते. बाटल्या, गाणी, भरतीच्या वेळी पोहायचा हट्ट. ग्रामसभेत ठरून गेलेलं, ज्या घराच्या पाहुण्यापायी गावाला त्रास होईल, त्या घरचे पाहुणे बंद. म्हणजे शुभंकरचं नाव वेशीवर निघालं की तिची परतीची वाट बुजली. आणि नाही निघालं, तर बाळ भावजी देवासमोर खोटा. दुपारपर्यंत यातलं एक काहीतरी होणार होतं.

ह्या आगीत लाकूड सारलं होतं तिनंच. पावसाळा संपताना शुभंकरच्या बाल्कनीला जाळं लावायला ती गेली होती. हात चालू असले की कस्तुरीचं तोंडही चालू. मराठी कानावर पडल्यावर तो स्टूल ओढून ऐकत बसला. मग काय विचारता. तिनं मस्कतची गलबतं बंदराला लावली, खारे मासे नि सुंभ भरून ती रवाना केली, गोऱ्या टोपीकरांची वखार उभी केली नि पाडली, मुंबईची आगबोट आली की धक्क्यावर कशी जत्रा भरे ते सांगितलं. पोरगा डोळे मोठे करून ऐकतोय म्हटल्यावर गावपळण सांगितली. आणि गावपळण सांगता सांगता थोडं मीठ-मसाला जास्त पडला. रिकाम्या गावात रात्री ढोल वाजतात, पावलं ऐकू येतात, सकाळी बंद देवळापुढं फुलं पडलेली असतात. तिच्या मनात एवढंच, की ह्यानं आपल्या घरी पाहुणा म्हणून जावं. तो गेलाच. पळणीची तारीख कळल्याबरोबर त्यानं मोबाईलवरून नेमके तिच्या आधीचे दिवस धरले. गाव बाहेर पडेल त्या सकाळी त्यानंही निघायचं असं तिनं सांगितलं, आणि तो होय म्हणाला.

तिनं रत्नाकरला फोन लावला. तो घाटात होता, गाडीच्या घरघरीतून ओरडत बोलत होता. त्याचं म्हणणं सरळ. गप बस. पोरगा दार लावून बसलाय, तीन दिवसांनी गपचूप निघेल. कुणाच्या बापाला कळतंय. आपण ह्या वयात आणखी किती वर्षं कबुतरं हाकायची? एवढं बोलून त्याचा फोन एका वळणावर तुटला.

नवऱ्याचं खोटं नव्हतं. म्हणूनच तिला आणखी बसवेना. ती उठली, बाल्कनीच्या या टोकाहून त्या टोकाला गेली. मांडीवरलं जाळं पायात गुंतलं ते तिनं लाथेनं सारलं. नागराजनं बाहेरून बघितलं आणि दुसऱ्या हुकाकडं सरकला. एसीच्या डब्यावर एक कबूतर मान हलवत सगळं न्याहाळत होतं.

तिनं शुभंकरला पुन्हा फोन केला. आता ‘तुमी’ गेलं होतं.

“तू आत्ता ऊठ आणि भायर पड. अजून नगारो होवूक नाय.”

“मावशी, तुम्हीच म्हणाला होतात ना, रात्री ढोल ऐकू येतात?”

“कोणी आयकले? सगळी खाडीपलीकडं. गावात आयकाक कोण नसताच.”

“मग मी ऐकतो ना. रेकॉर्ड करतो. असं गाव आयुष्यात पुन्हा बघायला मिळणार नाही मला.” तो खरंच हरखलेला होता. त्यात लबाडी नव्हती, हीच पंचाईत. “आणि राहिलो तर होणार काय मला?”

“तुका काय जावचा नाय. फार तर फुरसा चावात. जायत ता बाळ भावजीक.”

मग तिनं त्याला वेशीवरचं बोलणं सांगितलं. चूल, दावण, माणूस. हे तिनं आधी सांगितलं नव्हतं. ढोलांच्या नादात ते राहून गेलं होतं. पलीकडं खाट करकरली. तिला वाटलं, उठला.

“पण मावशी,” तो म्हणाला, “काकांना माहीतच नाहीये. मग ते खोटं कसं?”

 सकाळपासून तिचं स्वतःचं मन तिला हेच सांगत होतं. तो पुढं बोलत राहिला, दिवा लावणार नाही, चूल पेटवणार नाही, बिस्किटांवर राहीन, कुणालाही कळणार नाही.

“माका कळला,” ती म्हणाली.

त्यावर त्यानं सॉरी म्हणून फोन ठेवला. पुन्हा लावला तर बंद.

खाली रस्त्यावर हेब्बाळच्या पुलाखाली गाड्या तुंबल्या होत्या. पलीकडं तळ्याचं पाणी उन्हात पांढरं दिसत होतं. त्या पाण्याला ना भरती ना ओहोटी. कस्तुरीनं तिकडं बघितलं आणि पाठ फिरवून परत जाळ्यापाशी बसली. वेशीवर एव्हाना माणसं जमली असणार. तिच्या डोळ्यांपुढं येत होतं ते वेगळंच. चौथा दिवस. डावा कौल. मानकरी घराघराकडं बघतायत, आणि बाळ भावजी छातीवर हात ठेवून सांगतोय, आमच्याकडं काही नाही, वहिनीचं घर मी स्वतः बघून आलोय. कौल उजवा पडला तरी तो खोटं बोलून बसलेला असणार, आणि पुढल्या गणपतीला तिला त्याला कालवण वाढावं लागणार. ते वाढताना आपला हात कसा चालेल, हे तिला बसल्या जागी दिसेना.

तिनं बाळ भावजीला फोन लावला.

“वयनी, बेगीन बोल. पाडको पुलावर आडवो बसलो हा, माका हलूक देयना.” मागं ते आडमुठं वासरू हंबरत होतं, कोंबड्यांचा कालवा होता, कुणीतरी म्हातारं माणूस खोकत होतं, एक बाई दुसरीला मिठाचा डबा घेतलास का विचारत होती.

कस्तुरीनं सांगितलं. एका दमात, मागच्या दाराच्या कडीसकट.

बाळ भावजी खेकसला नाही. कोंबड्यांचा आवाज लांब गेला, तो बाजूला गेला असणार.

“ह्या तू माका सांगूक नको होता,” तो म्हणाला. “सांगला नसतंस तर मी खरा म्हणान बोललंय असतंय आणि मोकळो झालंय असतंय.”

“म्हणानच सांगलंय.”

“आयक. आमच्या घराचो नंबर अजून येवक नाय. तू फोन केलंस नाय आणि मी उचललंय नाय, असा म्हणतलंस तर तसा. रत्नाकराची पाठ माका ठावक आसा, वयनी.”

दार असं कुणी उघडून धरावं आणि आपण आत जाऊ नये, हे सोपं नसतं. कस्तुरीच्या हातात सुई होती. ती तिनं जाळ्यात खुपसली, काढली, पुन्हा खुपसली.

“आप्पाजींका फोन दी,” ती म्हणाली.

आप्पाजी गावकर म्हणजे मानकऱ्यांतले वडीलधारे. एका कानानं कमी ऐकायचे. बाळ भावजीनं फोन मोठ्या आवाजावर टाकला असावा, कारण तिकडची बोलणी एकेक करून थांबत गेली आणि नुसता वारा उरला. कस्तुरी आपसूक उभी राहिली. डोक्यावर पदर नव्हता, कामाची ओढणी होती, तीच तिनं सारखी केली.

“आप्पाजीनू, कस्तुरी बोलतंय, रत्नाकराची बायल. माझ्या चुलीत विस्तव नाय. दावणीक जनावर नाय. पण घरात माणूस आसा.”

आप्पाजींनी दोनच गोष्टी विचारल्या. कोण, आणि कुणाच्या परवानगीनं. पाहुणा आहे, परवानगी माझी नाही पण घर माझं आहे, असं ती म्हणाली. बरं, म्हणून फोन परत गेला. नगारा थांबवा, हे शब्द तिला लांबून ऐकू आले, आणि फोन बंद झाला.

मग कामाशिवाय करण्यासारखं काही उरलं नाही, आणि काम तर होईना. शिवलीलाम्मा तांब्याच्या पेल्यात कॉफी घेऊन आल्या, तिचा चेहरा बघून जरा थबकल्या आणि मनेयल्ली एल्ला सरीना, घरी सगळं ठीक ना, असं विचारलं. कस्तुरीनं सरी अम्मा म्हणून पेला घेतला. कॉफी गार झाली. नागराज दोरावरून आत उतरून पाणी प्यायला आणि तिच्याकडं न बघता म्हणाला, “मागल्या खेपेला माझ्या आईचं ऑपरेशन होतं तवा मी तीन हूक उलटे मारलेले. तुला गावले असते तर शिव्या घातल्या असत्यास. मी घालालोय काय?”

दुपार अर्धीअधिक सरल्यावर बाळ भावजीचा फोन आला. तो आता हसत होता, पण हसण्यात दम नव्हता. शुभंकरला आणायला पुरुष गेले नाहीत. पुरुष गेले तर हमरीतुमरी होईल म्हणून आप्पाजींनी रापणीच्या सहा-सात बायका पाठवल्या. त्यांनी दार ठोठावलं नाही की आरडाओरडा केला नाही. मागच्या दारानं आत शिरल्या, एकीनं त्याची बॅग उचलली, एकीनं अंथरुणाची घडी घातली, एकीनं त्याला विचारलं, झिला, जेवलंस काय. पोरगा आधी इंग्रजीत काहीतरी बोलला, मग मराठीत, मग कानापर्यंत लाल होऊन त्यांच्यामागून चालायला लागला. साऱ्या गावाच्या नजरेसमोरून तो वेशीबाहेर आला. त्याला रिकाम्या हातानं चालताना बघून भावजीच्या बायकोनं त्या आडमुठ्या पाडक्याची दोरी त्याच्या हातात दिली. आणि पाडका, जो कुणाला ऐकत नव्हता, तो ह्याच्यामागून मुकाट पूल ओलांडून गेला. आता रात्री इथंच राहा, कुर्ल्या खा, मग जा, असं त्याला गावानंच सांगितलंय.

भावजीचं एवढं सांगून झालं. “आणि पावण्यांचा काय ठरला?” कस्तुरीनं विचारलं.

“पुढली पळण होयसर त्या घरात पावणो नको,” तो म्हणाला. “असा आप्पाजी म्हणाले. तू स्वताहून सांगलंस म्हणान एवढ्यावर गेला. मी काय बोललंय नाय, वयनी. बोलान उपेग नव्हतो.”

“बरा,” कस्तुरी म्हणाली.

पुढली पळण म्हणजे आणखी तीन-चार वर्षं; एवढी तिनं हिशेबात धरली नव्हती. रत्नाकरच्या पाठीचं काय करायचं, गाडीऐवजी त्याला दुकानात बसवता येईल का, शिवाजीनगरचा शेठ ऐकेल का, असे दहा विचार एकावर एक चढत होते आणि एकही खाली बसत नव्हता. रत्नाकरला हे सांगायचं होतं. तो ओरडेल, मग दोन दिवस जेवणावर राग काढेल. तिला पलीकडं माणसं आवरती होताना ऐकू येत होती. भावजी म्हणाला, ठेवतंय, आता माझो नंबर. आणि आता त्याला वहिनीच्या घराचं बोलणं खरं बोलता येणार होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. 

“अक्का,” बाहेरून नागराजनं हाक मारली. तो पुन्हा दोरावर चढला होता. “वरची बाजू पुरी राहिलीय. ती म्हातारी येऊन बघालीय सारखी. दोरी सोड.”

कस्तुरीनं फोन कमरेला खोवला. सकाळपासून चुकलेल्या गाठी बघितल्या, सगळ्या सुरीनं कापून काढल्या, रिळावरून नवी दोरी ओढली आणि वरच्या कोपऱ्यापासून ओवायला लागली.